मिंट लोकांना का आवडलं: थोडं मोठं उत्तर

तुमचा प्रश्न आधी परत लिहितो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्याकडे २०१५ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, आणि जो तो 'लिनक्स मिंट टाक' म्हणतोय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सवरची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. तुमच्या शंका दोन. लिनक्समधे उबंटूसारखं मोठं नाव असताना लोक मिंटच का सुचवतात, आणि ज्याच्या मागे मोठी कंपनी नाही त्याच्या भरवशावर घरचं मशीन सोडायचं का. मी २००७ च्या शेवटापासून मिंट वापरतोय, मधे दोन-तीनदा दुसरीकडे जाऊन परत आलो, तर मला जे दिसलं ते सांगतो.

सुरुवात उबंटूपासूनच करायला लागेल कारण मिंट त्याच्याच पायावर उभं आहे. उबंटू ऑक्टोबर २००४ मधे आलं, मार्क शटलवर्थच्या कॅनॉनिकल कंपनीने काढलं, आणि त्यांनी एक फार मोठं काम केलं ते म्हणजे मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने घरपोच. आपल्याकडे तेव्हा ७०० एमबी डाउनलोड करणं म्हणजे रात्रभराचं काम, तेही लाइन तुटली नाही तर, त्यामुळे कितीतरी मराठी पोरांनी लिनक्स पहिल्यांदा बघितलं ते त्या पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या सीडीवरच. माझंही तसंच. हॉस्टेलच्या पत्त्यावर पाकीट आलं, सोबत स्टिकर, आणि आख्ख्या मजल्यावर ती सीडी फिरली.

पण तेव्हा एक अडचण सगळ्यांनाच यायची. एमपी३ वाजायची नाही, डीव्हीडी चालायची नाही, वेबसाइटवरचे व्हिडिओ दाखवणारं फ्लॅश नसायचं. ह्यात उबंटूवाल्यांची चूक नव्हती, ह्या फॉरमॅटवर पेटंट किंवा कंपन्यांचे हक्क होते आणि कंपनी म्हटल्यावर कायद्याला धरून राहावं लागतं. नेट असेल तर कोडेक, म्हणजे असे फॉरमॅट वाजवणारे छोटे प्रोग्रॅम, थोड्या वेळात टाकता यायचे. पण ज्याच्याकडे नेटच नाही त्याने काय करायचं? विंडोजवर वाजणारी गाणी इथे वाजत नाहीत म्हटल्यावर माणूस तिथेच सीडी काढून ठेवायचा, त्याला पेटंटचं काय सांगणार.

मिंटची गोष्ट नेमकी ह्या जागेवर सुरू होते. क्लेमेंट लफेव्र, सगळे त्याला क्लेमच म्हणतात, मूळचा फ्रान्सचा, राहतो आयर्लंडमधे. तो आधी लिनक्स शिकणाऱ्यांसाठी लेख आणि ट्युटोरियल लिहायचा, म्हणजे नवशिके कुठे अडकतात हे त्याला रोज दिसत होतं. ऑगस्ट २००६ मधे त्याने पहिली आवृत्ती काढली, १.०, नाव एडा, कुबुंटूवर (उबंटूचाच एक प्रकार) बेतलेली. ती फार कोणी वापरली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे २.०, बार्बरा, आली आणि तिथून पुढे लोक जमायला लागले. (प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव, शेवटी आ-कार, आणि पहिलं अक्षर इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने पुढे जाणारं. ही पद्धत आजपर्यंत चालू आहे, त्यामुळे नाव ऐकलं की जुनी-नवी कळते.) त्याने केलं काय, तर उबंटू घेतलं, कोडेक आतच घालून दिले, खाली डावीकडे एक नीट मेनू दिला, आणि बाकी फार काही बदललं नाही. बस, एवढंच.

माझ्या हातात आली ती डॅरिना, म्हणजे मिंट ४. मित्राचा भाऊ नोकरीला होता त्याने ऑफिसमधून सीडी बर्न करून आणली होती. आम्ही इन्स्टॉल न करता नुसती लाइव्ह, म्हणजे थेट सीडीवरूनच, चालवली, हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमधली अभंगांची एक एमपी३ फाइल होती तिच्यावर डबल क्लिक केलं, आणि ती वाजली. नेटची वायर लावलेली नव्हती, एकही कमांड दिली नव्हती. रूममधे पाच-सहा जण होतो, त्यातल्या तिघांनी त्याच आठवड्यात मिंट टाकून घेतलं. मिंट पसरलं ते असं, एकाने दुसऱ्याला दाखवून, कारण जाहिरातीला पैसे नव्हतेच.

तरी २०१० पर्यंत मिंट म्हणजे 'उबंटू अधिक कोडेक' अशीच ओळख होती. खरी उडी मारली २०११ मधे, आणि ती का मारली हे नीट समजून घ्या कारण तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर तिथेच आहे.

त्या वर्षी एप्रिलमधे दोन गोष्टी एकदम झाल्या. ग्नोम ह्या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या पट्टी-मेनू-खिडक्यांच्या मांडणीची, तिसरी आवृत्ती (ग्नोम ३) आली आणि उबंटू ११.०४ मधे युनिटी हा नवा डेस्कटॉप डीफॉल्ट झाला. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की पुढचा काळ टचस्क्रीनचा, म्हणून दोघांनीही जुना डेस्कटॉप सोडून दिला. ग्नोम ३ मधे खालचा टास्कबार गेला, खिडकीवरचं मिनिमाइजचं बटण गेलं. युनिटीत डावीकडे उभी पट्टी आली, प्रोग्रॅमचा मेनू खिडकीतून उठून पार वरच्या पट्टीत गेला. माझं प्रामाणिक मत, दोन्ही डेस्कटॉप वाईट नव्हते, त्यांच्यामागे विचार होता. पण रोज आठ तास त्याच मशीनवर काम करणाऱ्या माणसाला सकाळी उठल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे दुसऱ्याने हलवून ठेवलेले दिसावेत तसं ते झालं.

मिंटने काय केलं? मिंट ११ मधे ते जुन्या ग्नोम २ वरच थांबले. पण ते कायम चालणार नव्हतं कारण ग्नोम २ ची डागडुजी मूळ लोकांनी बंद केली होती. नोव्हेंबर २०११ ला मिंट १२, लिसा, आली त्यात दोन वाटा दिल्या. एक, ग्नोम ३ च्याच वर एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम) चढवून खालची पट्टी आणि मेनू परत आणला. दुसरी, माटे. माटे म्हणजे अर्जेंटिनातल्या एका प्रोग्रॅमरने ग्नोम २ चाच कोड घेऊन चालू ठेवलेलं काम, नावही तिकडच्या चहासारख्या पेयाचं. त्याच्यात कष्ट किती होते बघा, ग्नोम ३ शी टक्कर होऊ नये म्हणून एकेक प्रोग्रॅमचं आणि लायब्ररीचं नाव बदलायला लागलं, फाइल मॅनेजर नॉटिलस होता त्याचा काहा झाला, स्पॅनिशमधे काहा म्हणजे खोका.

एक्स्टेंशनची वाट मात्र तापदायक निघाली. ग्नोमची नवी आवृत्ती आली की एक्स्टेंशन मोडायची, परत जुळवायची, परत मोडायची. मग क्लेमच्या टीमने ग्नोम शेलचा (ग्नोम ३ चा दिसणारा भाग) फोर्क केला, म्हणजे त्याचाच कोड घेऊन वेगळं काम सुरू केलं, आणि सिनॅमन नावाचा स्वतःचा डेस्कटॉप काढला, मे २०१२ च्या मिंट १३ मधे तो माटेच्या जोडीने मिळायला लागला. ऑक्टोबर २०१३ च्या सिनॅमन २.० पासून तो ग्नोमच्या आतल्या यंत्रणेपासूनही सुटा झाला. म्हणजे तंत्र आतून नवं, पण वापरणाऱ्याला खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंट लोकप्रिय का, ह्याचं माझं उत्तर हेच आहे, त्यांनी लोकांच्या हाताची सवय मोडली नाही, आणि ती न मोडण्यासाठी स्वतः ढोर मेहनत केली.

आमच्या ओळखीत एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्या पीसीवर मी २०१० ला मिंट ९ टाकून दिलं होतं. पेन्शनचे अर्ज, पत्रं, मुलीशी व्हिडिओ कॉल, एवढं काम. त्याचा सपोर्ट संपत आला तेव्हा मला धास्ती होती की नवीन काही टाकलं तर परत सगळं शिकवायला लागणार. मिंट १३ ची माटे आवृत्ती टाकली, फायली जागेवर ठेवल्या. गुरुजी बसले, मेनू उघडला, त्यांचं पत्र उघडलं, टाइप करायला लागले, आणि दहा मिनिटांनी विचारलं, "वॉलपेपर बदललास का रे?" बाकी त्यांना काही वेगळं लागलंच नाही.

ह्याच काळात लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच साइटच्या यादीत मिंट पहिल्या नंबरवर गेलं आणि काही वर्षं तिथेच राहिलं. लोक तो आकडा फार नाचवतात पण तो किती जणांनी पान बघितलं त्याचा आकडा आहे, किती मशीनवर मिंट आहे त्याचा नाही. लोकांची उत्सुकता कुठे होती एवढं मात्र त्यावरून कळतं.

आता दुसरी शंका, भरवशाची. इथे वाईट बाजू लपवणार नाही.

२० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची वेबसाइट हॅक झाली. हॅकरने मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून स्वतःची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लावली, तिच्यात मागचं दार, म्हणजे बाहेरून मशीनमधे शिरायची चोरवाट, ठेवलेलं होतं, आणि त्याचे धागे बल्गेरियातल्या सोफियापर्यंत जात होते. शिवाय फोरमच्या सदस्यांचा डेटाबेसही चोरीला गेला. ही गंभीर गोष्ट होती आणि त्यांच्या सर्व्हरच्या सुरक्षेत कसूर होती हे मान्यच करायला पाहिजे. पण क्लेमने लगेच स्वतः जाहीर केलं, कुठली फाइल, कुठल्या दिवशी, तुमच्याकडची तपासायची कशी, सापडली तर काय करायचं, सगळं उघड लिहिलं आणि साइट बंद करून टाकली. टॉरेंटने घेतलेल्यांना धोका नव्हता. तेव्हापासून मी आयएसओ तपासल्याशिवाय पेनड्राइव्हवर टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. डाउनलोडच्या पानावर शा-२५६ ची यादी (फाइल बदललेली नाही हे तपासायचे आकडे) आणि तिच्यावर जीपीजीची सही (यादी मिंटचीच आहे ह्याचा पुरावा) दोन्ही असतात. दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक आक्षेप बरीच वर्षं होता, अपडेटचा. मिंटचा अपडेट मॅनेजर अपडेटना १ ते ५ अशा पातळ्या द्यायचा आणि कर्नलसारखे (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) वरच्या पातळीचे अपडेट आपणहून सुचवायचाच नाही, हेतू हा की नवख्याचं मशीन बिघडू नये. सुरक्षावाल्यांनी ह्यावर टीका केली आणि माझ्या मते ती टीका बरोबर होती. त्याच्यावर उपाय निघाला तो टाइमशिफ्टचा. ते सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं, काही बिनसलं तर कालच्या स्थितीत परत जायचं. २०१७ च्या १८.३ मधे ते आलं आणि २०१८ च्या मिंट १९ पासून त्यांनी धोरणच बदललं, आता सगळे अपडेट घ्या म्हणून सांगतात, मागे जायची सोय आहे म्हणून. टीका ऐकून चूक दुरुस्त करणारी टीम मला जास्त भरवशाची वाटते.

स्नॅपचं प्रकरणही ऐकलं असेल. स्नॅप म्हणजे कॅनॉनिकलने काढलेली प्रोग्रॅम बसवायची पद्धत. उबंटू २०.०४ मधे तुम्ही नेहमीच्या पद्धतीने क्रोमियम ब्राउझर मागितला तर ते गुपचूप स्नॅपचं पॅकेज आणून बसवायचं, आणि स्नॅपचं दुकान चालवते एकटी कॅनॉनिकल. २०२० च्या मिंट २० मधे क्लेमने ते डीफॉल्ट बंद केलं. कोणाला हवंच असेल तर 'नोस्नॅप.प्रेफ' नावाची एक फाइल काढून टाकायची आणि स्नॅप टाकून घ्यायचं, म्हणजे बंदी नाही, फक्त विचारल्याशिवाय नाही. पण मग क्रोमियम द्यायचं कोणी? तर मिंटने ते स्वतः बांधायला घेतलं. फायरफॉक्सचंही उबंटू २२.०४ मधे स्नॅप झालं, तोवर मिंटने फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलाशी थेट करार करून साधं पॅकेज मिळवलं होतं. आणि उद्या उबंटूच राहिलं नाही तर? त्यासाठी २०१० पासून थेट डेबियनवर (ज्याच्यावर उबंटूही उभं आहे) उभी असलेली मिंटची वेगळी आवृत्ती, एलएमडीई, ते चालू ठेवून आहेत. पैसे येतात ते देणग्या आणि प्रायोजकांकडून. वीस वर्षं होत आली, बंद पडलं नाही.

आता तुमच्या लॅपटॉपचं. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम चालते, ४ जीबी असावी असं ते म्हणतात, म्हणजे तुमचं भागतं, पण ४ जीबीवर सिनॅमनपेक्षा एक्सएफसीई ह्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, हलकी आहे, ब्राउझरला जागा जास्त उरेल. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर आधी एसएसडी बसवा, मी म्हणेन त्याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच डिस्ट्रोने (लिनक्सच्या प्रकाराने) पडणार नाही. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमधे लेआउट वाढवा, तिथे मराठी कगप फोनेटिक (उच्चारानुसार इंग्रजी अक्षरं दाबून मराठी टाइप करायचं) मिळेल, आणि इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तेही आहे.

लगेच इन्स्टॉल मात्र करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं बघा. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही रोज लागत असेल तर तेही आधीच सांगा, मग विंडोज बाजूला ठेवून दोन्ही टाकायचं का ते बघू. वायफाय नाही लागलं तर टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' (lspci) एवढीच कमांड द्या आणि जे येईल ते इथे चिकटवा, रात्री नऊनंतर मी बघतो.