पहाटेचा धूमकेतू नजरेतून का निसटतो?

प्रश्न : तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितके तेज जास्त) धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसेल, असे वाचून आम्ही उजाडण्यापूर्वी गच्चीवर गेलो. त्याच प्रतीचे तारे स्पष्ट दिसले, धूमकेतू मात्र सापडला नाही. मोठी दुर्बीण घ्यावी काय?

उत्तर : एवढ्यासाठी मोठी दुर्बीण घेऊ नये. तिचे दृष्टिक्षेत्र लहान असल्याने लांब शेपटीचा जेमतेम एखादा तुकडा त्यात मावतो. ७×५० किंवा १०×५० ची (७ किंवा १० पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, या कामी कितीतरी सरस ठरते.

खरी अडचण प्रतीच्या आकड्यात आहे. ताऱ्याचे सारे तेज एका बिंदूत एकवटलेले असते; धूमकेतूची प्रत ठरवताना मात्र त्याच्या शीर्षाभोवतीच्या धूसर आवरणातून येणारा सगळा प्रकाश एकत्र धरलेला असतो. तो प्रकाश पसरलेला असल्याने संधिप्रकाशाच्या उजेडात आणि क्षितिजालगतच्या धुरकट हवेत चटकन विरून जातो. त्यातच वेळही फार थोडा मिळतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की संधिप्रकाश सुरू होतो. त्या क्षणी सूर्यापासून २० अंश दूर असलेला धूमकेतू क्षितिजाच्या वर फार तर दोन अंश असतो आणि पुढे तो जसजसा वर चढतो, तसतसे आकाशही उजळत जाते. म्हणून पूर्व क्षितिज अगदी तळापर्यंत मोकळे असलेली जागा निवडावी, डोळे अंधाराला सरावण्यासाठी अर्धा तास आधी पोहोचावे आणि त्या वेळात मोबाइलचा पडदा पाहू नये.

शोध शीर्षाऐवजी शेपटीपासून सुरू करावा, असे मी आवर्जून सुचवेन. शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असल्याने पहाटे ती साधारणपणे वरच्या बाजूला पसरलेली असते आणि शीर्ष उगवण्यापूर्वीच तिचा फिकट पट्टा दिसू शकतो. १९६५च्या ऑक्टोबरअखेरीस पहाटेच्या आकाशात भव्य शेपटीने गाजलेला इकेया-सेकी धूमकेतू दोन जपानी हौशी निरीक्षकांनीच स्वतंत्रपणे शोधला होता. सूर्योदयापूर्वी द्विनेत्री न चुकता बाजूला ठेवावी. तिच्यातून सूर्यबिंब क्षणभर दिसले तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

प्रश्न : हौशी निरीक्षकाने केलेल्या नोंदीला काही मोल असते काय?

उत्तर : निश्चित असते. धूमकेतूचे तेज अनपेक्षितपणे वाढते किंवा घटते आणि जगभरातील हौशी निरीक्षकांच्या नोंदींतून हा चढउतार टिपता येतो. तेज ठरवण्यासाठी प्रथम द्विनेत्रीतून धूमकेतूचे शीर्ष स्पष्ट पाहून त्याचा आकार आणि उजळपणा मनात ठसवावा. मग फोकस बिघडवून जवळपासच्या ताऱ्यांचे ठिपके तेवढ्याच आकाराचे होईपर्यंत पसरवावेत आणि तुलना करावी. शीर्ष २.८ प्रतीच्या ताऱ्यापेक्षा फिके, पण ३.४ प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तितक्याच फरकाने उजळ वाटले, तर ३.१ ही नोंद करावी. तुलनेचे तारे शक्यतो धूमकेतूइतक्याच उंचीवरचे घ्यावेत, अन्यथा क्षितिजालगतची हवा आकडा बिघडवते. वेळ, उपकरण आणि शेपटीची अंशांतील लांबी त्याच जागी उभ्या उभ्या लिहावी.