टोकियोला येताना फोन आणावा की इथे घ्यावा?

तुम्ही विचारलंय की एप्रिलपासून टोकियोत नोकरी सुरू होतेय, तर पुण्यातून नवा अँड्रॉइड घेऊन यावा, की इथल्या मोबाइल कंपनीकडून तो जाहिरातीतला 'एक येनचा' आयफोन घ्यावा? मला विचाराल तर दोन्ही नको. आयफोनच घ्या, पण पूर्ण पैसे मोजून, आणि सिमचा फोनशी काही संबंध ठेवू नका. कारणं सांगते, जरा लांबण लागेल.

फोन एका दुकानातून आणि सिम कोपऱ्यावरच्या टपरीवरून, ही आपली सवय. 2003 मध्ये रिलायन्सचा 501 रुपये भरून मिळणारा फोन ज्यांनी घेतला होता, त्यांना मात्र आठवेल की त्यावर दुसऱ्या कोणाचं कनेक्शन चालायचंच नाही. जपानचा सगळा बाजारच वर्षानुवर्षं तसा होता. कुठला फोन निघणार, त्यात काय असणार, कितीला विकणार हे तिथल्या मोबाइल कंपन्या, म्हणजे डोकोमो, केडीडीआय (हिच्या दुकानावर पाटी 'एयू'ची असते) आणि सॉफ्टबँक ठरवत. शार्प, पॅनासोनिक, एनईसी, फुजित्सू फोन बनवायच्या खऱ्या, पण गिऱ्हाईक त्यांचं नव्हतंच.

या मक्तेदारीला पहिला तडा आयफोननं दिला, तोही एका मोबाइल कंपनीचाच हात धरून. जुलै 2008 मध्ये तो एकट्या सॉफ्टबँकेकडे आला. केडीडीआयला 2011 मध्ये मिळाला. सगळ्यात मोठी डोकोमो सप्टेंबर 2013 पर्यंत अडून बसली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं सोनीचा एक्सपीरिया आणि सॅमसंगचा गॅलेक्सी असे दोनच फोन पुढे काढले आणि सवलतींचा सगळा जोर त्यांच्यावर लावला. बाकीच्यांनी काय करायचं? एनईसी आणि पॅनासोनिक, दोघींनी 2013 मध्येच सामान्य ग्राहकांसाठीचे स्मार्टफोन बंद केले. सॅमसंगचीही गंमतच. 2015 पासून इथल्या गॅलेक्सीवर कंपनीचं नावच नसायचं, ते 2023 मध्ये परत छापलं गेलं.

मग सरकार मध्ये पडलं. योशिहिदे सुगा जपानचे पंतप्रधान होण्याआधीच, 2018 मध्ये, म्हणाले होते की मोबाइलचे दर 40 टक्क्यांनी उतरायला जागा आहे. ऑक्टोबर 2019 पासून दोन वर्षांचा करार मोडायचा दंड 9,500 येनवरून 1,000 वर आला. 2020 मध्ये राकुतेन ही चौथी कंपनी उतरली. ऑक्टोबर 2021 पासून नव्या फोनला सिम-लॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारं कुलूप, लावायलाच बंदी आली. म्हणजे कागदोपत्री तुम्ही मोकळे आहात.

कागदोपत्रीच. कुलूप आता फोनमध्ये नाही, हप्त्यांत आहे. स्टेशनजवळच्या कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, लाल अक्षरांत भलामोठा '1' आणि शेजारी 'येन' दिसेल. त्याखालचा बारीक मजकूर भाषांतराच्या ॲपनं वाचा. तो एक येन महिन्याचा असतो, सुमारे दोन वर्षांपुरता. नंबर दुसऱ्या कंपनीतून आणलेला हवा, आणि दोन वर्षांनी फोन परत करायचा. नाही केला तर उरलेली खरी किंमत पुढच्या 24 हप्त्यांत. काच फुटलेली असेल तर परत करतानाही पैसे. हे भाड्यानं घेणं झालं, एवढं समजून घेतलंत तर घ्या बापडे. पण तुम्ही नवे, नंबर आणायला जुनी जपानी कंपनीच नाही, आणि पहिला व्हिसा एक वर्षाचा मिळाला तर हप्त्यांना नकार येण्याचीच शक्यता जास्त. रेसिडेन्स कार्डावरची (परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रावरची) मुदत ते आधी बघतात.

मग पुण्याचा अँड्रॉइड का नको? दोन गोष्टी. इथे लोकल, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे सुईका (आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, ते फोनमध्येही ठेवता येतं) टेकवून पैसे देतात, आणि त्यासाठी फोनमध्ये फेलिका हे तंत्र चालू असावं लागतं. भारतात विकलेल्या अँड्रॉइडमध्ये ते नसतं किंवा बंद असतं. आयफोन मात्र 8 पासून पुढचा, जगात कुठेही घेतलेला असो, चालतो. दुसरं म्हणजे 'गितेकी', जपानी रेडिओ प्रमाणपत्राची खूण. ती नसलेला फोन वापरायला पर्यटकांना 90 दिवसांची सूट आहे, पण तुम्ही रहिवासी होणार. घ्यायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये नियामक माहितीचं पान उघडून ती खूण आहे का बघा. आयफोनमध्ये असते.

आता भारतातला आयफोन की जपानमधला? आयफोन 17 भारतात 82,900 रुपयांना आला, इथे 1,29,800 येनना. येन एवढा पडलाय की इथे थोडा स्वस्तच पडतो. पण जपानी 17 ला सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम (फोनमध्येच असलेलं, वेगळं कार्ड न लागणारं सिम), आणि इथल्या फोनचा कॅमेऱ्याचा आवाजही बंद होत नाही. भारतीय 17 मध्ये ट्रे आहे. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातला नंबर जिवंत ठेवायचाय ना? मी तरी ते चार पैसे जास्त देईन.

कनेक्शन साधं घ्या. डोकोमोचा 'अहामो' हा प्लॅन महिना 2,970 येनमध्ये 30 जीबी देतो, राकुतेन अमर्याद डेटा 3,278 येनमध्ये. नंबर लवकर घ्या, कारण बँकेचं खातं उघडायला जपानी नंबर मागतात आणि नंबर घेताना कधीकधी बँकेचं खातं मागतात. यात अडकलात तर क्रेडिट कार्डावर चालणारी कंपनी शोधा, किंवा ऑफिसच्या एचआरला मागे लागा, त्यांना हे रोजचं आहे.

आणि भारतातल्या नंबरचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी घरूनच सुरू करून एक ओटीपी मागवून बघा. ई-सिम करायचं असेल तर तेही तिथेच उरका, इथून करताना पडताळणीचा एसएमएस अडकून बसतो.