केळी भरलेली डिझेल पिकअप कन्नड घाटात ओढत नाही, काळा धूर सोडते. टर्बो गेला का?

लगेच टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलू नका, आधी टर्बो ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही होज, म्हणजे हवेचे पाइप, तपासा. मी चाळीसगावला डिझेल गाड्यांचंच काम करतो. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण त्याला लागेल तेवढी हवा पोचत नाही. होज क्लॅम्पपाशी किंवा खालच्या अंगाला चिरतो. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, लोडवर प्रेशर आलं की उघडते. म्हणून हाताने दाबून, वाकवून बघा. जिथे तेलकट ओल आणि त्यावर धुळीचा थर दिसेल, तिथेच गळती. मग:

- एअर फिल्टर. आपल्याकडच्या धुळीत कंपनीने दिलेल्या किलोमीटरची वाट पाहू नका.
- अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचं प्रेशर कमी-जास्त करणारा भाग) बारीक व्हॅक्यूम नळी बघा, आणि त्याचा रॉड हलतो का तेही.
- स्कॅनर असेल तर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचं प्रेशर मोजणारा) बघा, तेव्हा तो बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवतो. जळगाव-चाळीसगावकडे साधारण 97-98 किलोपास्कल हवं. फारच वेगळं असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर.

मात्र धूर निळा असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर टर्बोचं सील किंवा इंजिनच तपासावं लागेल. तशी गाडी लोड भरून घाटात अजिबात घालू नका.