वाचकांचे प्रश्न : प्रेस नोट तुमची, बैठक दुसऱ्याची

जनसंपर्काच्या व्यवसायाविषयी खान्देशातून आलेली तीन पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात आहे. पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेऊन मी रुजू झाले. माझ्यानंतर आलेल्या सहकाऱ्याकडे या विषयातील पदवी वा पदविका नाही. तरी त्याचे पदनाम ‘जनसंपर्क अधिकारी’, माझे ‘समन्वयक’, आणि पगारातही तसाच फरक आहे. प्रेस नोट, गृहपत्रिका, निमंत्रणे, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांचे स्वागत माझ्याकडे असते. संपादकांच्या भेटी आणि व्यवस्थापनाच्या बैठका त्याच्याकडे. मध्यंतरी गोदामाला आग लागली तेव्हा निवेदन रात्री मीच लिहिले आणि जखमी कामगारांच्या घरी कळवल्याशिवाय ते पत्रकारांकडे जाऊ नये, असा आग्रहही मीच धरला. सकाळी पत्रकारांसमोर मात्र तो बसला. विचारले तर “रात्री-अपरात्री फोन येतात, तुम्हाला कसे जमणार?” असे उत्तर मिळाले. मग पदवीचा उपयोग काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती आगीच्या रात्रीची हकिकत. निवेदन लिहिणे हे लेखनाचे काम झाले. पण आधी कोणाला कळवायचे हे ठरवणे हा निर्णय होता, आणि तो चुकला असता तर एखाद्या कामगाराच्या आईला मुलगा भाजल्याची बातमी व्हॉट्सअॅपवर वाचावी लागली असती. ग्लेन ब्रूम आणि डेव्हिड डोझियर या अमेरिकन अभ्यासकांनी जनसंपर्कातील कामाची विभागणी याच रेषेवर दाखवली आहे : एकीकडे मजकूर, छायाचित्रे, कार्यक्रम सांभाळणारे ‘तंत्रज्ञ’ आणि दुसरीकडे काय बोलावे, कधी बोलावे हे ठरवणारे ‘व्यवस्थापक’. या व्यवसायात स्त्रियांची संख्या वाढत असूनही त्या पहिल्या गटातच अडकून राहतात, हे ‘व्हेल्वेट घेटो’ (मखमली कोंडवाडा) या नावाने प्रसिद्ध झालेल्या 1986 च्या अहवालातून समोर आले होते. तुमच्या कंपनीत तुम्ही दुसऱ्या गटाचे काम करून पगार पहिल्या गटाचा घेत आहात.

ही रीत व्यवसायाच्या जन्माइतकीच जुनी आहे. आधुनिक जनसंपर्काचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या एडवर्ड बर्नेज यांच्या पत्नी डोरिस फ्लाइशमन त्यांच्या संस्थेत बरोबरीच्या भागीदार होत्या. परंतु सल्ला एका स्त्रीचा आहे असे कळले तर त्याचे वजन कमी होईल, या धास्तीने त्या ग्राहकांच्या बैठकांना सहसा जात नसत. आपल्याकडे तर बैठकीऐवजी औक्षणाचे तबक हाती दिले जाते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या कितीतरी मुली जिल्ह्यातल्या उद्घाटनांत ते धरून उभ्या दिसतात. पुरुषांना तबक जड होते, असे मात्र कधी ऐकिवात नाही.

आता पदवीविषयी. भारतात जनसंपर्काचे काम करण्यासाठी कायद्याने ठरवलेली पात्रता नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. जनसंपर्क अधिकारी मात्र नेमणूकपत्रावर तसे लिहिले की होता येते. ब्राझीलने 1967 मध्येच कायदा करून हा व्यवसाय पदवीशी जोडला, ब्रिटनमधील व्यावसायिक संस्थेला 2005 मध्ये राजसनद मिळाली आणि ती आपल्या सदस्यांना पारखून ‘चार्टर्ड’ दर्जा देते. आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया 1958 पासून असली तरी तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे पदवीचा आग्रह कोणाकडे धरायचा आणि कोणाकडे ‘ओळखी चांगल्या आहेत’ म्हणून सोडायचा, हे मालकाच्या मर्जीवर राहते, आणि ती मर्जी बहुधा कोणत्या बाजूला झुकते हे तुम्ही अनुभवलेच आहे. पदवी तुम्हाला दारातून आत आणते, हा तिचा उपयोग खरा आहे. पुढच्या भांडणात मात्र ती एकटी पुरत नाही.

पुरेल ते कायद्याचे एक वाक्य. समान वेतनाचा 1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला असून, त्यानुसार एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावरून वेतनात फरक करता येत नाही. समान स्वरूप ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या गोष्टी पाहिल्या जातात. तुमचा प्रश्न या शेवटच्या शब्दावर अडेल, कारण संपादकांची भेट आणि बैठक ‘त्याची जबाबदारी’ आहे, असे कंपनी म्हणेल. येथे मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा हा सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निकाल कामी येतो. मुंबईतील त्या कंपनीत अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कागदोपत्री काय शक्य आहे हे न पाहता प्रत्यक्षात कोण कोणते काम करते हे पाहावे, अशी दृष्टी न्यायालयाने ठेवली आणि एखाद्या जागी फक्त स्त्रियाच असतील तर व्यवस्थापनाला त्या तेथे हव्या होत्या म्हणून, असेही सुनावले. समान वेतन देणे परवडत नाही, ही सबबही तेथे टिकली नाही.

म्हणून पदवीचे प्रमाणपत्र पुन्हा पुढे करण्यापेक्षा प्रत्यक्ष कामाची नोंद पुढे करा. आगीच्या रात्री तुम्ही कोणाला, किती वाजता, काय कळवले हे ई-मेलमध्ये असेलच. ते जपून ठेवा. येथून पुढे असा प्रत्येक सल्ला तोंडी न देता दोन ओळींत लेखी द्या. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ‘प्रेस नोट लिहिल्या’ असे न लिहिता ‘आणीबाणीतील निवेदनाचा क्रम ठरवला’ असे लिहा. पगारवाढीच्या आधी बैठकीतील जागा मागा, कारण ती मिळाली की जबाबदारीचा मुद्दा आपोआप तुमच्या बाजूला येतो, आणि नाकारली तर नकार लेखी मागता येतो. रात्रीच्या फोनबद्दल एवढेच विचारा की, आगीच्या रात्री फोन कोणाला आला होता.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील पावरा समाजाचा असून जनसंज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आहे. पुण्यातील जनसंपर्क संस्थांत मुलाखती दिल्या. ‘प्रेझेंटेबल’ आणि अस्खलित इंग्रजी बोलणारा उमेदवार हवा, असे सांगण्यात आले. या क्षेत्रात माझ्यासारख्याला जागा आहे का?
— एक वाचक, धडगाव

उत्तर : ‘प्रेझेंटेबल’ ही पात्रता कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नाही, ती घरातून, शाळेच्या माध्यमातून आणि शहरातून येते, म्हणूनच ती मागणाऱ्याला जात किंवा प्रदेश विचारावा लागत नाही. या व्यवसायातील विविधतेची चर्चा स्त्री-पुरुष एवढ्यावरच थांबते, अशी माझी तक्रार आहे.

तुमची बाजू पाहा. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि देशात भिली-भिलोडी गटातील, म्हणजे तुमच्या पावरीसारख्या, भाषा बोलणाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक नोंदली गेली. बँक, सौरपंप, विमा, लसीकरण, ज्याला या लोकांपर्यंत पोहोचायचे आहे त्याचा मजकूर प्रमाण मराठीत छापून धडगावच्या बाजारात लागतो आणि तेथेच फाटतो. तोच मजकूर पावरीत कसा सांगाल, याचे तीन-चार नमुने तयार करा, प्रत्येकाच्या बाजूला मराठी रूप ठेवा आणि मुलाखतीला तेच घेऊन जा. इंग्रजी शिकाच, पण आधी लेखी : ग्राहकाला पाठवायचा चोख ई-मेल उच्चारांपेक्षा लवकर साधतो. जिल्हा माहिती कार्यालयांची वाटही विसरू नका. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या भरतीत पात्रता जाहिरातीत छापलेली असते आणि ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द तिच्यात बसत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नोकरी मिळाल्यावर तुम्हाला फक्त आदिवासी भागाची कामे देऊन बाजूला बसवले जाण्याचा संभव आहे. जळगावच्या भगिनींचे जे झाले त्याचाच तो दुसरा प्रकार ठरेल. पहिल्या वर्षातच एखादे सराफा, शिक्षणसंस्था किंवा कारखान्याचे काम मागून घ्या.

प्रश्न : धुळ्यात माझी छोटी जनसंपर्क व जाहिरात संस्था आहे. आमच्याकडे दहापेक्षा कमी माणसे आहेत आणि बहुतेक मुलीच आहेत. मग विषमता कसली? तक्रार समितीचा कायदाही आम्हाला लागू नसावा.
— एक संस्थाचालक, धुळे

उत्तर : मुली किती आहेत, हे तुम्ही सांगितलेत. ग्राहकाशी दर कोण ठरवते, आणि ग्राहक चिडला की त्याच्यासमोर कोणाला पाठवले जाते, हे पत्रात नाही. विषमता तेथे मोजली जाते.

कायद्याविषयीचा तुमचा समज चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तुम्हालाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तीच समिती ती ऐकते. कामाचे ठिकाण म्हणजे केवळ तुमचे कार्यालय नव्हे : कामानिमित्त कर्मचारी जेथे जाते ती जागा, म्हणजे ग्राहकाचे कार्यालय, समारंभाचे मंगल कार्यालय, तुम्ही पाठवलेली गाडी, हे सर्व त्यात येते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते आणि पुरेसे कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढवता येते. स्थानिक समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडून घ्या आणि तो कर्मचाऱ्यांना रोज दिसेल अशा जागी लावा.