माळ्यावरून उतरलेला संगणक : वाचकांची प्रश्नोत्तरे

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर इथल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यापासून माझ्याकडे येणारे प्रश्न एकाच वळणाचे झाले आहेत. घर रिकामं करायचं असतं, माळा उतरवला जातो आणि जुना संगणक, फ्लॉप्यांचे डबे, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असं सगळं एकदम खाली येतं. मग घरातलं कोणीतरी उत्साहाने प्लग लावतं, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतं. या दोन्हींत कायमचं नुकसान होतं, म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो आहे.

प्रश्न : १९९२ च्या सुमाराचा ३८६ जातीचा संगणक पंचवीस वर्षं माळ्यावर होता. दिसायला अगदी चांगला आहे. सुरू करून बघायला हरकत नाही ना? (कोथरूड)

हरकत आहे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पेटीत दोन गोष्टी बहुतेक वेळा बिघडलेल्या असतात. एक म्हणजे मदरबोर्डवरची बॅटरी. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. ती गळते आणि गळलेलं रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खात जातं. पेटी उघडा आणि बॅटरीच्या भोवती, कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत, हिरवट-पांढरी भुकटी दिसते का ते टॉर्चने बघा. दिसली तर बोर्ड चालू करायचा नाही. आधी बॅटरी कापून काढायची आणि बोर्ड साफ करून घ्यायचा.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लाय. वर्षानुवर्षं वीज न मिळालेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम २३० व्होल्ट मिळाले की फुटतात किंवा धूर सोडतात. मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर ते कुठे आहे तेही बघा. पॉवर सप्लाय मशीनपासून सोडवून जाणकाराकडून वेगळा तपासून घ्या. त्याची पेटी मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युत दाब राहू शकतो.

प्रश्न : फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवायची की बंद? दोघांनी दोन उलट उत्तरं दिली. (सदाशिव पेठ)

दोघंही बरोबर आहेत, फ्लॉप्या वेगळ्या. साडेतीन इंचीची कोपऱ्यातली छोटी सरकती खिडकी उघडी ठेवा. सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने झाका.

प्रश्न : ऑनलाइन मिळणाऱ्या यूएसबी ड्राइव्हमध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी वाचता येईल का? (बिबवेवाडी)

नाही. त्या आकाराचा मूळ ड्राइव्ह आणि तो चालवणारा जुना संगणक किंवा खास कंट्रोलर बोर्ड लागतो. नवीन काही विकत घेण्याआधी ज्याच्याकडे हे आहे त्याला गाठा.

प्रश्न : मशीन सुरू होतं, पण तारीख १-१-१९८० दाखवतं आणि हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतं. डिस्क गेली का? (औंध)

बहुधा नाही. सेटिंग जपणारी बॅटरी संपली आहे, म्हणून मशीन तारीखही विसरलं आणि डिस्कची मापंही. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर असे तीन आकडे असतात. ते कागदावर उतरवा. बऱ्याच जुन्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या सेटिंगमध्ये) टाइप ४७ निवडून ते हाताने भरता येतात. आकडे चुकीचे भरून स्कॅनडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवली तर ती धडधाकट फायलींची ‘दुरुस्ती’ करत सुटेल, तेव्हा खात्री नसेल तर भरू नका, दाखवून घ्या.

प्रश्न : वडिलांनी १९९६-९७ मध्ये आमच्या गावाचा इतिहास संगणकावर टाइप केला होता. छापायचा राहून गेला. आता दहा-बारा साडेतीन इंची फ्लॉप्या सापडल्या. यूएसबी ड्राइव्ह आणला. काही फ्लॉप्या ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतात. एक उघडली, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडली का? एका दुकानदाराने ‘करप्ट आहे, सोडून द्या’ सांगितलं. (कर्वेनगर)

सोडून देऊ नका. अशा पत्रांना मी नेहमीच सविस्तर उत्तर देतो, कारण पुण्यात या प्रकारचा मजकूर किती घरांत पडून आहे हे मला दिसतं. गावांचे इतिहास, कुलवृत्तांत, कीर्तनाची आख्यानं, विज्ञान मंडळांची टिपणं. छापलं गेलं ते वाचलं. न छापलेल्याची एकमेव प्रत त्या डब्यात असते, आणि दर पावसाळ्यात तिचा थोडा भाग जातो.

तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानदाराने ते एकत्र केले. फ्लॉपी वाचली न जाणं हा एक, वाचलेली फाइल मराठीत न दिसणं हा दुसरा.

आधी फ्लॉपी. ‘फॉरमॅट करायचं का’ याचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा नाही. सुरुवातीचे काही सेक्टर (मजकूर साठवणारे छोटे कप्पे) वाचता आले नाहीत, एवढाच तो अर्थ. साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक आणि ट्रॅकमागे १८ सेक्टर असतात, म्हणजे एकूण २,८८० सेक्टर. त्यांतले पाच-दहा गेले तरी बाकीचा मजकूर जागेवर असतो. ‘हो’ म्हटलंत तर तोही हातचा जाईल.

उरलेल्या फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये घालण्याआधी एकेक तपासा. पत्र्याची सरकती झडप बोटाने बाजूला करा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि तपकिरी फिल्मवर दिव्याचा तिरपा उजेड पडू द्या. फिल्म सगळीकडे एकसारखी चमकली पाहिजे. पांढुरके ठिपके किंवा धुरकट वर्तुळं दिसली तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी घातली की बुरशी ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडने खरवडली जाते. बुरशीवाल्या वेगळ्या काढा. त्या साफ करण्याचं काम सवयीच्या हाताकडे द्या.

स्वच्छ दिसणाऱ्या फ्लॉपीची खिडकी उघडी करा आणि फायली एकेक उघडत बसण्याऐवजी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो सहज वाचता येणारे सेक्टर आधी उचलतो, अडलेल्यांकडे नंतर वळतो आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतो. एका ड्राइव्हने न वाचलेला सेक्टर दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे वारंवार होतं, कारण प्रत्येक ड्राइव्हचं हेड किंचित वेगळ्या जागी बसलेलं असतं. पुढचे सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर करायचे. फ्लॉपी परत डब्यात.

आता दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांबद्दल. तुमची फाइल बहुधा पूर्णपणे शाबूत आहे. त्या काळी घरोघरी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखे चालणारे अक्षरांचे संकेत, नव्हतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा प्रत्येक पॅकेजची किंवा फॉन्टची मांडणी आपापली होती. इंग्रजी ‘ए’च्या जागी एका फॉन्टमध्ये एक मराठी आकार, दुसऱ्यात दुसरा. फाइलमध्ये फक्त त्या जागेचा क्रमांक साठवलेला असतो. योग्य फॉन्ट नसला की संगणक त्या क्रमांकाचं इंग्रजी चिन्ह दाखवतो. म्हणून पहिला शोध फॉन्टचा. वडिलांचा जुना संगणक असेल तर त्याच्या हार्ड डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बघा. ‘डीव्ही-टीटी योगेश’ किंवा ‘डीव्ही-टीटी सुरेख’सारखं नाव दिसलं तर मजकूर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या फॉन्टमधला आहे. पॅकेजची मूळ फ्लॉपी, सीडी, पुस्तिका जपा. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक (पॅकेजची किल्ली असलेला छोटा खटका) सापडलं तर तेही. काही पॅकेजेस त्याच्याशिवाय चालतच नाहीत.

फॉन्ट मिळाला आणि मजकूर मराठीत दिसला की सर्वांत आधी त्याची पीडीएफ करा आणि एक प्रत कागदावर काढा. युनिकोडमध्ये बदलणं त्यानंतर. बदलणारे प्रोग्रॅम आहेत, काही फुकट आहेत, पण ‘एका क्लिकमध्ये शंभर टक्के अचूक’ ही जाहिरात खोटी आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफार अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ आधी येतो. त्यामुळे ‘निर्मिती’, ‘आर्थिक’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांवर प्रोग्रॅम हमखास अडखळतो. तुमच्या मजकुरात गावांची आणि माणसांची नावं असणार. ती कोणत्याच शब्दकोशात नसतात. पीडीएफ शेजारी ठेवून घरच्या माणसाने ओळ न् ओळ ताडून पाहावी. हा कंटाळवाणा भाग पैसे देऊन टळत नाही.

मजकूर जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डावर) टाइप केलेला निघाला तर काम त्या मानाने सोपं. त्यात आकारांऐवजी इस्की हे प्रमाणित संकेत वापरलेले असत आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर बेतलेली आहे. पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅमची फाइल निघाली तर नारायण पेठ, शनिवार पेठेतल्या छपाईची पानं संगणकावर जुळवणाऱ्या जुन्या डीटीपीवाल्यांकडे चौकशी करा. त्यांतल्या काहींनी जुनी मशीनं अजून चालती ठेवली आहेत. जाताना मूळ फ्लॉपी नेऊ नका, पेन ड्राइव्हवर प्रत न्या.

आणि दोन गोष्टी करू नका. इंग्रजी चिन्हं दिसत असताना सगळा मजकूर निवडून त्याला आजचा युनिकोड फॉन्ट लावू नका. त्याने मराठी उमटणार नाही. उलट मूळ फॉन्टचं नाव फाइलमधून पुसलं जाईल आणि तोच तर आपला धागा आहे. दुसरं, उघडलेली फाइल बंद करताना ‘सेव्ह करू का’ असं विचारलं तर ‘नको’ म्हणा.

हे सगळं वाचून अवघड वाटत असेल तर काहीच करू नका, डबा घेऊन जाणकाराकडे जा. पण या महिन्यात जा. ‘निवृत्त झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांच्या फ्लॉप्या मी कोऱ्या परत केल्या आहेत.

प्रश्न : वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅममधली इंग्रजी पत्रं नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं. व्हायरस आहे का? (डेक्कन)

नाही. वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत असे. तो बिट काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. प्रतीवर चालवा.

प्रश्न : सोसायटीचा जुना हिशेब डीबेस या जुन्या नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये आहे. आता उघडता येईल का? (सहकारनगर)

येईल. डीबेसची डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्क या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते. त्याच नावाची डीबीटी फाइल असेल तर दोन्ही एकत्र ठेवा, लांबलचक टिपणं त्या दुसरीत असतात. हिशेब वादात असेल तर मूळ फाइलला हात लावण्याआधी सोसायटीच्या लेखापरीक्षकांशी बोला.

प्रश्न : तपकीर गल्लीतून आयडीई-यूएसबी केबल आणून जुनी हार्ड डिस्क लावली. टक-टक आवाज येतो, डिस्क दिसत नाही. मित्र म्हणतो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. (धनकवडी)

फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका. हा तोडगा वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरतो आहे. गार डिस्क बाहेर काढली की आपल्या हवेतलं बाष्प तिच्यावर धरतं आणि चालू केल्यावर उरलंसुरलं जातं. टक-टक म्हणजे डिस्क वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाही. दर प्रयत्नाला पृष्ठभाग खरवडला जात असू शकतो. आत्ताच वीज बंद करा आणि पुन्हा लावू नका.

आवाज नसता तर वेगळं सांगितलं असतं. फार जुन्या आयडीई डिस्क या केबलला ओळखू येत नाहीत, त्या जुन्या मशीनलाच जोडाव्या लागतात. त्याहून जुन्या एमएफएम जातीच्या डिस्कला तर ही केबल लागूच होत नाही.

रिकव्हरीवाल्याकडे जाताना हे विचारा : आधी इमेज काढणार का? डिस्क उघडावी लागली तर धूळविरहित कक्ष तुमच्याकडे आहे की दुसरीकडे पाठवणार? तपासणीचा निष्कर्ष आणि खर्च लेखी देणार का? काम झालं नाही तर मूळ डिस्क आहे तशी परत मिळणार का? डिस्क हातात न घेता फोनवरच ‘शंभर टक्के डेटा देतो, अर्धे पैसे आधी भरा’ असं जो सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : डॉट मॅट्रिक्सची छपाई फिकट येते. रिबनवर मशीनचं तेल सोडलं तर चालेल का? (रास्ता पेठ)

नाही. नवी रिबन घ्या. रिबनच्या शाईनेच हेडच्या पिनांना वंगण मिळतं. भलतं तेल गेलं की पिना चिकटतात, आणि हेड रिबनपेक्षा कितीतरी महाग पडतं.

प्रश्न : जुन्या फ्लॉपीतून आजच्या लॅपटॉपला व्हायरस लागेल का? (विमाननगर)

१९८६ चा ब्रेन किंवा ६ मार्चला जागा होणारा मायकेलँजेलो आजच्या विंडोजचं काही बिघडवू शकत नाही. त्या फ्लॉपीवरून जुनं मशीन मात्र बूट (सुरू) करू नका.

प्रश्न : घर पुढच्या महिन्यात सोडायचं आहे. सगळं सामान तोवर पार्किंगमध्ये ठेवलं आणि नव्या घरी गेल्यावर बघितलं तर? (एरंडवणे)

पेटी आणि प्रिंटर ठेवा. सीआरटी (काचेच्या नळीचा जाड) मॉनिटर ठेवा, पण उघडू नका, त्याच्या नळीत बंद असतानाही धक्का बसेल एवढा भार साठलेला असू शकतो. पुढे टाकायचंच ठरलं तर अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या, भंगाराच्या गाडीवर नको.

हार्ड डिस्क आणि फ्लॉप्या मात्र पार्किंगच्या ओलीत ठेवू नका. पुठ्ठ्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, स्पीकर आणि पाण्याच्या मोटारीपासून लांब, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा : कोणी टाइप केलं, साधारण कोणत्या साली, कोणत्या पॅकेजमध्ये. टाइप करणारी व्यक्ती घरात असेल तर तिला आजच विचारून लिहा. सामान हलवायच्या दिवशी हे डबे टेम्पोत देऊ नका, स्वतः घेऊन जा.