कागदावरची पदे आणि कामावरची माणसे: वाचकांची प्रश्नोत्तरे

सरकारी खाती, मंडळे, महामंडळे आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यातील मनुष्यबळाची नोंद कशी ठेवावी आणि ती कशी वाचावी, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमच्या विभागाच्या अखत्यारीत चौदा संस्था आहेत. एकूण कर्मचारी किती, असे विचारले की आस्थापना शाखा एक आकडा देते, लेखा शाखा दुसरा देते, आणि संस्थांकडून आलेल्या माहितीची बेरीज तिसरीच निघते. यांतला खरा आकडा कोणता मानावा?

तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिन्ही ठिकाणी मोजलेली वस्तू वेगळी आहे. आस्थापना शाखा मंजूर पदे आणि त्यांवर नेमलेल्या व्यक्ती मोजते, लेखा शाखा वेतनदेयकावरील नावे मोजते, आणि संस्थाप्रमुख आपल्या हाताखाली प्रत्यक्ष काम करणारी माणसे मोजतो. प्रश्न विचारणाऱ्याने यांपैकी काय हवे ते सांगितलेले नसते, म्हणून प्रत्येक जण आपल्याजवळचा आकडा पुढे करतो.

एखाद्या कार्यालयात 12 पदे मंजूर आहेत असे समजू. त्यांपैकी 9 भरलेली आहेत. या नऊ जणांपैकी एक जण दुसऱ्या संस्थेत प्रतिनियुक्तीवर, म्हणजे काही काळासाठी उसना, गेला आहे, एक जण दीर्घ अध्ययन रजेवर आहे आणि दोघे अर्धवेळ काम करतात. कागदावर बारा, आस्थापनेत नऊ, टेबलावर बसलेली सात, आणि कामाच्या तासांच्या हिशेबाने फक्त सहा. बारा आणि सहा हे दोन्ही आकडे त्याच कार्यालयाचे, त्याच दिवसाचे आणि अचूक आहेत.

चौदा संस्थांची बेरीज फुगते ती बहुधा प्रतिनियुक्तीमुळे. मूळ संस्था त्या कर्मचाऱ्याचा धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, आपल्याकडे आहे म्हणून त्याला धरते, आणि उसनी घेणारी संस्था त्याचा पगार काढते म्हणून तीही त्याला धरते. यावर उपाय म्हणजे एकच नियम लेखी ठरवावा: ज्या संस्थेच्या वेतनदेयकात नाव, तिच्याच खाती माणूस धरला जाईल, आणि काम कोठे करतो हे वेगळ्या रकान्यात लिहिले जाईल.

दुसरी गरज आहे ती पद आणि व्यक्ती यांना वेगवेगळे क्रमांक देण्याची. पदाला एक कायमचा क्रमांक असावा, व्यक्तीला दुसरा, आणि कोणती व्यक्ती कोणत्या पदावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, याची नोंद या दोन क्रमांकांना जोडणारी असावी. पुष्कळ ठिकाणी पदाच्या ओळीतच कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेले असते. माणूस बदलला की जुने नाव खोडून नवे लिहितात, आणि ते पद मधले सात महिने रिकामे होते ही माहिती कायमची नाहीशी होते. मनुष्यबळाच्या नोंदीत सर्वांत मोलाची गोष्ट हा मधला काळ असतो, असे मी अनेक वर्षांच्या कामानंतर ठामपणे म्हणेन.

तिसरी गोष्ट तारखेची. महिन्याच्या 31 तारखेला निरोप घेतलेला कर्मचारी त्या महिन्याच्या देयकात असतो, एक तारखेच्या हजेरीपटावर नसतो, आणि त्याच दिवशी त्याच्या जागी रुजू झालेली व्यक्ती देयकात पुढच्या महिन्यात येते. एक संस्था महिनाअखेरचा आकडा पाठवते आणि दुसरी पहिल्या तारखेचा, तेव्हा सेवानिवृत्तीच्या हंगामात फरक चांगलाच जाणवतो. त्यामुळे सर्व संस्थांसाठी एकच संदर्भ दिनांक ठरवा आणि तो प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर छापा.

प्रश्न: व्यक्ती मोजाव्यात की पूर्णवेळ समतुल्य संख्या? आमच्याकडे यावर दर वर्षी वाद होतो.

दोन्ही मोजाव्यात आणि शेजारी शेजारी द्याव्यात. युनायटेड किंग्डमचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय सार्वजनिक क्षेत्रातील रोजगाराचे तिमाही आकडे नेमके असेच देते. किती लोकांचे वेतन, निवृत्तिवेतन किंवा प्रशिक्षण यांचा प्रश्न आहे हे पाहायचे असेल, तर व्यक्तिसंख्या लागते. काम किती होऊ शकेल हे पाहायचे असेल, तर पूर्णवेळ समतुल्य संख्या, म्हणजे ज्याला कार्यालयात एफटीई म्हणतात, ती लागते. जेथे अर्धवेळ काम करणारे पुष्कळ असतात, विशेषतः रुग्णालये आणि शाळा, तेथे या दोन आकड्यांतील अंतर मोठे होते.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याचे किती तास, हे संस्थेगणिक बदलते. एकीकडे 36 तास आणि दुसरीकडे 40 तास पूर्णवेळ मानत असतील, तर दोन्हीकडचा एक एफटीई सारखा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारात याशिवाय वर्षभराच्या सरासरीवर आधारलेला मनुष्यबळाचा आकडा अर्थसंकल्पासाठी वापरतात. हंगामी भरती करणाऱ्या संस्थांसाठी एका दिवसाच्या मोजणीपेक्षा अशी सरासरी अधिक न्याय्य ठरते.

प्रश्न: मी सार्वजनिक धोरणाची अभ्यासक आहे. एका देशाच्या आकड्यांची मालिका पाहताना एका वर्षी एकदम लाखांची घट दिसते, पण कोठे कर्मचारीकपात झाल्याचे वाचनात आले नाही. हे कसे?

अशा वेळी माणसे हललेली नसतात, त्यांच्या भोवतीची रेषा हललेली असते. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे शासन अधिक शासनाच्या नियंत्रणाखालील संस्था. नियंत्रण कोणाचे आहे याची उत्तरे बदलली की संपूर्ण संस्था एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. युरोपीय लेखापद्धतीत तर संस्था शासनाच्या रकान्यात की सार्वजनिक उपक्रमाच्या, हे ठरवताना तिची विक्री तिच्या खर्चाच्या निम्मी तरी भागवते का, हीसुद्धा कसोटी लावतात.

युनायटेड किंग्डमची मालिका यासाठी जरूर अभ्यासावी. 2008 च्या आर्थिक संकटात सरकारने वाचवलेल्या मोठ्या बँकांचे कर्मचारी सार्वजनिक क्षेत्रात मोजले जाऊ लागले. 2012 मध्ये इंग्लंडमधील शालेयोत्तर शिक्षण देणारी महाविद्यालये खासगी बाजूला गेली आणि 2022 मध्ये परत सार्वजनिक बाजूला आली. ऑक्टोबर 2013 मध्ये रॉयल मेलचे खासगीकरण झाले, तेव्हा सुमारे दीड लाख कर्मचारी एका दिवसात सार्वजनिक क्षेत्राच्या मोजणीतून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पोस्टमन त्याच रस्त्यांवर पत्रे वाटत होते. इंग्लंडमधील शाळा अकॅडमी, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या स्वायत्त शाळा, झाल्या की त्यांचे शिक्षक स्थानिक शासनातून केंद्र शासनाच्या रकान्यात जातात, जरी वर्ग, फळा आणि विद्यार्थी तेच असले तरी. म्हणूनच तेथील सांख्यिकी कार्यालय अशा मोठ्या पुनर्वर्गीकरणांचा परिणाम वगळून वेगळी मालिकाही देते. आपल्या अभ्यासात तीच घ्यावी.

उलट दिशेची उडी तात्पुरत्या भरतीमुळे येते. अमेरिकेत मे 2010 मध्ये जनगणनेसाठी 4 लाख 11 हजार तात्पुरते कर्मचारी घेतले गेले, आणि त्या महिन्याची रोजगारवाढ म्हणून प्रथम जाहीर झालेल्या 4 लाख 31 हजारांतला बहुतेक भाग त्यांचाच होता. काही महिन्यांत तो ओसरलाही.

प्रश्न: आमच्या संस्थेत नियमित कर्मचारी दहा वर्षांत निम्म्यावर आले, असे अहवाल अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात कार्यालयात पूर्वीइतकीच माणसे बसतात. फरक इतकाच की त्यांतली बरीचशी कंत्राटदाराची आहेत. नोंदीत ही माणसे का नसतात?

कारण त्यांचा खर्च वेतनाच्या लेखाशीर्षाखाली पडत नाही. कंत्राटदाराला सेवेपोटी पैसे दिले जातात, ती रक्कम कार्यालयीन खर्च किंवा व्यावसायिक सेवा अशा शीर्षाखाली नोंदली जाते, आणि मनुष्यबळाचा तक्ता वेतनदेयकावरून तयार होत असल्याने ही माणसे त्यात शिरतच नाहीत. आपली तक्रार रास्त आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत गंभीर दोष हाच आहे.

ऑस्ट्रेलियातील अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. 2015 पासून तेथे संघराज्य सरकारच्या मनुष्यबळावर 2006-07 च्या पातळीची मर्यादा घालण्यात आली होती. काम काही कमी झाले नाही. ते बाहेर गेले. पुढे सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने रोजगाराची तपासणी करवली आणि 2023 मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले: 2021-22 या एका वर्षात बाह्य मनुष्यबळ जवळपास 54 हजार पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके होते आणि त्यावर सुमारे 20.8 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाला होता. मर्यादेचा आकडा वर्षानुवर्षे पाळला गेला, पण शासन त्यामुळे लहान झाले असे कोणी म्हणू शकत नाही.

आपल्या संस्थेत निदान एवढे करता येईल. प्रत्येक सेवा करारात कंत्राटदाराने दरमहा किती माणसे, कोणत्या कामावर, एकूण किती तास पुरवली, हे देयकासोबत लेखी द्यावे अशी अट घाला. सफाई, सुरक्षा, माहितीनोंद आणि संगणक देखभाल ही कामे वेगळी दाखवा. मग नियमित, मुदतीवरचे, मानधनावरचे, रोजंदारीचे आणि कंत्राटदाराचे असे पाच रकाने एकाच तक्त्यात येऊ द्या. नियमित रकाना घटत असताना पाचवा वाढत असेल, तर वाचणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. या माणसांची नोंद नसणे म्हणजे त्यांचे तास, रजा, अपघात यांचीही दखल कोणाकडे नसणे, याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न: वेतनपटावर अस्तित्वात नसलेली नावे सापडतात, असे ऐकतो. ती मनुष्यबळाच्या मोजणीतून उघडकीस येतात का?

येतात, पण केवळ मोजणी पुरत नाही. दोन स्वतंत्र याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. टांझानियात 2016 मध्ये अशा पडताळणीतून दहा हजारांहून अधिक नावे वेतनपटावरून काढली गेली. नायजेरियाने 2007 पासून वेतन आणि कर्मचारीनोंद एकत्र करणारी प्रणाली टप्प्याटप्प्याने लागू केली, तीही मुख्यतः याच कारणासाठी.

कार्यपद्धती साधी आहे: नेमणूक आदेशांची यादी एका हाताने ठेवलेली असावी, वेतनाची दुसऱ्या हाताने, आणि त्या दोन्ही तिसऱ्याने तपासाव्यात. एकाच बँक खात्यात दोन नावांचे वेतन जात आहे का, वर्षभरात एकही रजा न घेतलेले नाव कोणते, मृत्यू किंवा सेवानिवृत्तीनंतरही चालू असलेले वेतन कोणते, या तीन चाचण्यांनी बरेच काही हाती लागते. मात्र नाव जुळले नाही म्हणजे माणूस खोटा, असे गृहीत धरून वेतन थांबवू नका. आद्याक्षरांचा क्रम बदललेला, लग्नानंतर आडनाव बदललेले, जन्मतारीख चुकून लिहिलेली, अशा कारणांनी खऱ्या कर्मचाऱ्यांची नावे या चाळणीत अडकतात, आणि त्या घरी त्या महिन्यात पगार जात नाही. आधी प्रत्यक्ष भेट, मग निर्णय, हाच क्रम हवा.

प्रश्न: रिक्त पदांची टक्केवारी बातम्यांत नेहमी येते. तिच्यावर किती विश्वास ठेवावा?

तिच्या अंशापेक्षा छेदाकडे अधिक लक्ष द्या. भारताच्या केंद्र सरकारचे उदाहरण घेतले, तर 1 मार्च 2021 रोजी मंजूर पदे सुमारे 40 लाख 35 हजार होती आणि कार्यरत कर्मचारी सुमारे 30 लाख 56 हजार. म्हणजे रिक्त पदांचे प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास होते. परंतु मंजूर पदे कधी ठरवली गेली, त्यानंतर काम वाढले की संगणकीकरणाने कमी झाले, हे टक्केवारी सांगत नाही. टंकलेखकाचे जुने पद कागदावर रिक्त दाखवले जाते आणि ज्या नव्या कामासाठी पदच निर्माण झालेले नाही, त्याची तूट शून्य दिसते. पहिल्या प्रकारात टक्केवारी उगीच वाढते, दुसऱ्या प्रकारात खरी टंचाई झाकली जाते.

शिवाय एका दिवसाची टक्केवारी दोन अगदी वेगळ्या परिस्थिती सारख्याच दाखवते. शंभर पदांच्या संस्थेत दहा पदे नेहमी रिकामी दिसतात. एका संस्थेत ती दर वेळी वेगळी असतात, दोन-तीन महिन्यांत भरली जातात आणि दुसरी रिकामी होतात. हे कोठेही घडणारच. दुसऱ्या संस्थेत तीच दहा पदे सहा वर्षे रिकामी आहेत. म्हणून रिक्त पदांसोबत रिक्ततेचे महिने मोजावेत: प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, त्यासाठी मागणीपत्र कधी गेले, जाहिरात कधी निघाली, निवड यादी कधी आली आणि उमेदवार रुजू कधी झाला. या पाच तारखा लिहिल्या की विलंब वित्त खात्यात झाला, निवड मंडळात झाला की पडताळणीत झाला, हे स्वच्छ दिसते, आणि रिक्त पदांविषयीची चर्चा दोषारोपावरून कामावर येते.

यात आणखी एक रकाना मी आवर्जून घालतो: रिकाम्या पदाचा अतिरिक्त कार्यभार कोणाकडे आहे. एका कार्यालयात तो रकाना पहिल्यांदा भरला, तेव्हा तीन वेगवेगळ्या पदांसमोर एकाच लिपिक बाईंचे नाव आले होते. चौथे त्यांचे स्वतःचे पद. तक्त्यात ते कार्यालय तीन पदे रिक्त असे दिसत होते, आणि वरिष्ठांच्या मते काम अडले नव्हते, कारण ते त्या रोज संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत बसून उरकत होत्या. भरतीच्या मागणीपत्राला तो रकाना जोडल्यावर तीनपैकी दोन पदे भरण्याची मंजुरी त्याच तिमाहीत आली.