किनाऱ्यावरच्या गावातल्या मुलांना समुद्राची ओळख कशी करून द्यावी?

गोव्यातल्या पेडण्यात तुमच्या गावची मुलं समुद्रावर फक्त फोटो काढायला जातात, म्हणून शाळेतर्फे किनारा सफाई आणि एका तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. व्याख्यान नको. सफाईचं पुढे बोलतो. आधी पंचांग उघडा.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब गावातल्या जुन्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा, तो बोटांवर करून दाखवील. द्वितीयेला दोनाची पाऊणपट म्हणजे दीड. भरती पहाटे दीडला, आणि सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचं पाणी सगळ्यांत खाली. दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा, अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो आणि शेवटचा शब्द तक्त्याचा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पाणी खूप मागे जातं हे खरं, पण ते पहाटे पाचच्या अंधारात. म्हणून मुलांसाठी द्वितीया-तृतीया बरी. उधाण, म्हणजे पाण्याची मोठी चढ-उतार, टिकून असतं आणि उजेडही असतो. तक्त्यात सुकतीची उंची 0.4 मीटरच्या खाली दिसली तर तो दिवस धरा. सुकतीच्या दीड तास आधी खडकावर पोचायचं आणि पाणी उतरेल तसं खाली सरकायचं. पाणी वळलं की बाहेर.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण हणजूणच्या खडकांवर ठरलेली एक फेरी. दिवस द्वितीयेचा, सुकती पावणेआठची, पण पाहुण्यांना नऊशिवाय जमणार नव्हतं म्हणून कार्यक्रम नऊचा. स्वागत, नारळ, शाल, भाषण यांत पावणेदहा वाजले. भरती सरळ रेषेत चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. उधाणाला दोन मीटरचा चढ धरला तर पावणेदहापर्यंत अर्धा मीटर पाणी आलेलं होतं. समुद्रफुलं (खडकाला चिकटलेले, फुलासारखे दिसणारे प्राणी), गालिच्यासारखी पसरलेली मऊ प्रवाळासारखी वसाहत, सरगॅसमचं शेवाळ, हे सगळं खालच्या पट्ट्यात असतं आणि तो पट्टा तेव्हा बुडालेला होता. मुलांना वरच्या खडकावरच्या गोगलगायी आणि कालवांची रिकामी कवचं दिसली. पुढच्या तासात आणखी अर्धा मीटर पाणी चढणार होतं आणि मागच्या घळीत पाणी शिरायला लागलं होतं. खडकावर माणूस अडकतो तो असाच. समोरची लाट दिसते, पाठीमागची घळ भरलेली दिसत नाही. त्या दिवशी ते ओळखलं तिथल्याच एका कालवं काढणाऱ्या बाईने. तिने हाका मारून सगळ्यांना वर घेतलं. पाहुण्यांना पाकीट मिळालं, तिला चहा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती बाई व्याख्याती आहे. शिनाणे (खडकाला धरणारे शिंपले) कुठल्या कड्याला धरतात, तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांच्या जागा वेगळ्या का, कुठल्या महिन्यात कुर्ल्या (खेकडे) भरलेल्या असतात, हे तिला ठाऊक आहे. तिला तज्ज्ञाइतकंच मानधन द्या, त्याच पाकिटात, त्याच वेळी, सगळ्यांसमोर. "मच्छीमारांत जागृती करायला हवी" हे वाक्य मला मुळीच सहन होत नाही. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतचा तळ खरवडतात म्हणून गोव्यात आवाज उठवला तो रापणकारांनी. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्या झगड्यातून आला. जागृती कोणी कोणाची करायची?

साहित्य थोडंच लागतं. जुने कॅनव्हासचे बूट, कारण चपला शेवाळावर घसरतात आणि कालवांची धार पाय कापते. एक पांढरा पसरट ट्रे, भिंग, तीस सेंटिमीटरची पट्टी. आणि चौकट: अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे 50 सेंटिमीटरचे चार तुकडे, कोपऱ्यांना चार एल्बो (काटकोनी जोड). पाइपला भोकं पाडायला विसरू नका. आत पाणी शिरलं नाही तर चौकट डबक्यात तरंगत राहते. दर दहा सेंटिमीटरवर उभी-आडवी सुतळी ताणली की पंचवीस घरं होतात. एक घर म्हणजे चार टक्के. दर फेरीत त्याच तीन जागी चौकट ठेवून किती घरांत शेवाळ, किती घरांत शिंपले हे लिहायचं. जागा ओळखायला खडकाचा फोटो पुरतो, रंग फासू नका.

वही मात्र नीट ठेवा. तारीख, तिथी, सुकतीची वेळ, जागा, प्राण्याचं गावात चालणारं नाव, नाव कोणी सांगितलं, फोटोत पट्टी. शास्त्रीय नाव मागाहून कोणीही भरील. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, फोटो दाखवून विचारता येतं. गावातलं नाव सांगणारी माणसं कायमची मिळणार नाहीत, तो रकाना आधी भरा. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा. खालच्या बाजूचे स्पंज उन्हात वाळून मरतात आणि वरचं शेवाळ अंधारात. ट्रेमधला प्राणी दोन-तीन मिनिटांत परत, कारण उथळ पाणी लगेच तापतं.

सफाई करायची तर करा, पण दाताळं वापरू नका. वाहून आलेलं शेवाळ हा कचरा नव्हे, त्यात खेकड्यांचं आणि पक्ष्यांचं खाणं असतं. वाळूवर पसरणारी मर्यादावेल उपटली की वाळूची टेकडी सरकते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवं घरटी करतात. अंडी दीडेक फूट खोल, वरून काही दिसत नाही, आणि पिलं बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात. हाताने प्लास्टिक आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे उचला, वजन करा, वहीत लिहा.

काही गोष्टी राहिल्या. जून ते सप्टेंबर खडकावर जायचं नाही, तक्ता काहीही म्हणो. दर आठ मुलांमागे एक जाणता माणूस, आणि एकाने फक्त समुद्राकडे बघत उभं राहायचं, त्याला दुसरं काम नको. शंकूसारखा शंख हातात घेऊ नका, काही जातींचा डंख जीवघेणा असतो. निळी फुगीर जेलीफिश वाळूवर मेलेली दिसली तरी तिच्या दोऱ्या डसतात. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि कित्येक शंख 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यामुळे शाळेच्या कपाटासाठी काहीच उचलू नका. कासवाच्या घरट्यापाशी वनखात्याच्या माणसाशिवाय थांबू नका.

पंचायतीकडून पैसे कसे मिळवायचे हेही तुम्ही विचारलंय. वर सांगितलेल्या सामानाला पंचायत लागत नाही, मानधनापुरतं मागा.

आणि तुमचा किनारा नुसत्या वाळूचा असेल तर खडकाचं सोडून द्या, शापोरा नदीच्या काठच्या एखाद्या खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवर, जा. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि सुकतीला उघडतात. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी मुलांना बांधावर बसवा, मानशीवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. पाणी बाहेर धावू लागलं की तो दाराला जाळं लावतो. त्यात सुंगटं (कोळंबी) किती, बारके मासे किती, हे त्यालाच मोजून दाखवायला सांगा.